टेकडीवरून न निघालेला ठोकळा

नासपतीचं लाकूड. बुचाचे थर. पुण्याहून बॅगेच्या तळाशी आलेली फेव्हिकॉलची बाटली. तुफान. बारीक पात्याची सुरी. कधीही न वाजलेली शाळेची घंटा.

हे सगळं माझंच आहे, मित्रांनो. मी जुना आहे, लाकडाचा आहे, काडेपेटीच्या निम्म्याएवढा आहे. आणि मी एक शाळा आहे.

माझा जन्म जर्मनीत, हॅनोव्हरमधल्या एका नियोजन कचेरीत झाला. दूरच्या महासागरात एक चिमुकला बेट-देश आहे. कुठे काय बांधावं आणि कुठे काहीच बांधू नये, याचे नियम त्याला करायचे होते. ते काम या कचेरीला मिळालं. म्हणून टेबलभर मॉडेल तयार झालं : निळा समुद्र, बुचाची जमीन आणि जमिनीवर आम्ही ठोकळे. बेट ताटासारखं सपाट आहे. त्यावर टेकडी एकच. तिच्यावर शाळा, म्हणजे मी. तुफान आलं की सगळा गाव शाळेत येऊन बसतो.

कचेरीची एक रीत होती. जे ठरलं ते डिंकाने चिकटवायचं, जे ठरायचं ते सुटं ठेवायचं. बंदर चिकटलं, दवाखाना चिकटला. मी मात्र सुटाच राहिलो. कारण एका हॉटेलवाल्याला तीच टेकडी हवी होती. आज टेकडीवर, उद्या दलदलीच्या कडेला, परवा पुन्हा वर. ज्याच्या मनात येई, तो मला चिमटीत धरून उचली. मला चीड येई, पण हातपाय नसलेल्याच्या चिडीला कोण विचारतं?

मग अहिल्या आली. पुण्याची मुलगी, कचेरीत नवी. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी विभागाचे प्रमुख शिरीषसर तिला म्हणाले, "अगं, शाळा खाली सरकव आणि हॉटेल वर ठेव. पोरांना कशाला हवा सी व्ह्यू?"

"सर, तुफानात लोकांनी जायचं कुठे? हॉटेलच्या लॉबीत?"

"आल्झो, म्हणजे असं बघ, तो त्यांच्या सरकारचा प्रश्न. आपण फक्त मॉडेल करतो."

"मग ते तरी खरं करू या ना!"

"अहिल्या, ठोकळा आहे गं तो!"

सर बैठकीला गेले. अहिल्याने बॅगेतून फेव्हिकॉल काढला आणि मला टेकडीवर दाबून धरलं. चांगली बोटं पांढरी पडेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदाच मी पक्का झालो.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या बांधकाम खात्याच्या बाई आल्या. त्या ज्याला होकार देणार, तोच पुढे नियम होणार होता. मी अजून वरच आहे हे पाहून सर हसतहसत म्हणाले, "हे जरा राहून गेलं." त्यांनी मला उचलू पाहिलं. मी हललो नाही. त्यांनी सुरी घेतली. मी हललो नाही! शेवटी त्यांनी जोर लावला आणि कड्‌कन आवाज झाला.

मी निघालो, पण एकटा नाही. अख्खी टेकडी माझ्या पायाला धरून आली. खाली उरला नुसता निळा रंग.

बाई वाकून त्या निळ्या खड्ड्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता हॉटेल कशावर ठेवता? टेकडी परत लावा. शाळेसकट. तिथे दुसरं काही बांधायचं नाही, असंच लिहा."

पाहुण्या गेल्यावर सरांनी बाटली हातात घेऊन पाहिली. "फेव्हिकॉल? खरंच, अहिल्या?"

"हो," ती म्हणाली. "गेनाऊ. अगदी तोच."

आता मी जुना झालोय. कचेरीच्या कोपऱ्यात धूळ खातो. माझ्या टेकडीला वाकडी भेग आहे आणि मला ती मिरवायला आवडते. अजूनही कुणीतरी येतं, "दोनच मजले बांधू, छोटंसं हॉटेल," म्हणतं आणि मला बोटाने ढकलून बघतं. ढकला!

मित्रांनो, जागेवरून काही हलवण्याआधी त्याच्या पायाशी काय चिकटलंय ते बघा. आणि तुम्हालाच कुणी हलवू लागलं, तर सहजासहजी निघू नका.

मला चिकटवलं तेव्हा अहिल्याची प्रोबेत्साइट, म्हणजे नव्या नोकरीतला चाचणीचा काळ, संपलेली नव्हती. कारण न सांगता तिला कामावरून काढता आलं असतं.