एकशे बाराव्या पानावरची खूण

"चोरलंय मेलीनं! हे सगळं मी कुठंतरी वाचलंय, शब्दन् शब्द!"

बाई माझ्या अगदी कानाशी पुटपुटल्या आणि माझ्या काळजात धस्स झालं.

मित्रांनो, मी एक जुनी वाचनखूण आहे. बाईंच्या वडिलांचा चामडी पट्टा तुटला, तेव्हा त्याच्या धड उरलेल्या टोकातून त्यांनी लेकीसाठी मला कापलं. तेव्हापासून बाईंबरोबर मी किती राज्यं पालथी घातली! उडते डोंगर, बोलणारे लांडगे, एकाच नावाच्या सात-सात राण्या. बाई अद्भुत कादंबऱ्यांची परीक्षणं लिहितात. त्यांचा नियम कडक. शेवटचं पान वाचून होईपर्यंत एक ओळ लिहायची नाही. "आधी खूण बाहेर, मग पेन," असं त्या म्हणत. साप्ताहिकाचे संपादक मला 'मोठ्या बाई' म्हणत. केवढा मान होता माझा!

या कादंबरीत मात्र मी एकशे बाराव्या पानावर अडकले. बाई रोज तिथं उघडत. काहीच ओळखीचं वाटेना, म्हणून मागं जात आणि संध्याकाळी पुन्हा एकशे बारावर येऊन थांबत. त्यांचा चेहरा एवढासा होई. ते बघवेना, म्हणून त्या अंघोळीला गेल्या की त्यांचे मिस्टर मला हळूच वीस पानं पुढं सरकवू लागले.

"बघ, काल किती वाचलंस!"

बाई खुलत, पण वाचत पुन्हा मागचीच पानं; मला मात्र होते तिथंच ठेवत. अशी मी न वाचताच शेवटच्या पानावर पोचले. आज बाईंनी मला बाहेर काढलं, पुस्तक सहज मागं चाळलं, लांडगा विहिरीत पडतो तिथं थबकल्या आणि पेन उचललं. 'ही कादंबरी चोरलेली आहे,' असं लिहिलं.

लिहिणारी एक शाळामास्तरीण आहे, मित्रांनो. पहिलंच पुस्तक. सहा वर्षं खपली होती बिचारी.

संपादक स्वतः कागद न्यायला आले. वाचून त्यांनी चष्मा पुसला. स्वच्छच होता तो.

"बाई, एकदा परत बघता का?"

"काय बघायचंय? खूण शेवटच्या पानावर होती. माझी खूण खोटं बोलत नाही."

मला वाटलं, टराटरा फाटून जावं. पण चामडं ते, फाटतंय कुठं! मित्रांनो, मुक्या वस्तूंना सांभाळा, पुसा, हे तुम्हांला सगळेच सांगतील. मी एवढंच विनवते, की आमच्याकडून खोटं वदवून घेऊ नका. नंतर खरं सांगायला आम्हांला तोंड नसतं.

संपादकांनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली. चपला घातल्या.

"थांबा हो," मिस्टर म्हणाले. त्यांनी मला टेबलावरून उचललं. "ही मी सरकवायचो."

"तुम्ही? कशाला?" बाई म्हणाल्या.

"अगं, 'कुठंतरी वाचलंय' म्हणालीस ना, ते इथंच वाचलंयस तू. याच पुस्तकात. पंधरा दिवस, रोज तेच." ते बाईंच्या शेजारी बसले. "तुझ्या लक्षात राहत नाही गं आता."