उशीखालचे माझे दिवस

मी एक जुने बायबल आहे. पुष्कळ लोक मला आदराने 'पवित्र शास्त्र' म्हणतात. परंतु मित्रांनो, एवढे मोठे नाव ऐकून तुम्ही बिचकू नका. देहाने पाहाल तर मी पातळ कागद, काळी शाई, दोरा आणि डिंक एवढेच आहे. वचने देणारा परमेश्वर आहे, मी ती केवळ जपून ठेवणारे. मात्र जपणाऱ्यालाच कोंडून घातले तर काय घडते, ती माझी कर्मकहाणी आज मी तुम्हांस निवेदन करतो आहे, असे एखादा मनुष्य म्हणाला असता. मी पुस्तक आहे, म्हणून 'निवेदन करते आहे' असे म्हणते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तेथील यंत्रांचा खडखडाट असा होता की, कामगार एकमेकांशी खुणांनीच बोलत. माझे कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, म्हणून ते दुमडणाऱ्या बाया श्वाससुद्धा बेताने घेत. माझ्या कडांना लाल रंग दिला गेला, पाठीला कापड चिकटवले गेले आणि खुणेसाठी एक तांबडी फीत माझ्या पोटात सोडली गेली. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

एका आत्याने मला विकत घेतले आणि भाचीच्या लग्नात तिच्या हाती दिले. भाचीचा नवरा शिंपी होता. खाली त्याचे दुकान, वर राहण्याची खोली आणि मध्ये एक उभा लाकडी जिना, असे ते घर होते. ती नवी नवरी रोज पहाटे स्टोव्ह पेटवण्याआधी मला उघडी आणि एक अध्याय मोठ्याने वाची. शिंपी खालून ओरडे, "अगं, जरा जोरात! मशीनच्या आवाजात देव ऐकू येत नाही!" ती म्हणे, "मग मशीन थांबवा की!" आणि खरोखर मशीन थांबे. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. माझी पाने बोटांनी मऊ झाली होती.

पुढे धंदा वाढला, मुलगी झाली, शाळांच्या गणवेशांचे ढीग पडू लागले. शिंप्याने मोठ्या मायेने माझ्यासाठी तपकिरी रेक्झिनचे कव्हर शिवले. आत मखमली अस्तर, तिन्ही बाजूंनी पितळी दात्यांची झिप. येणारा-जाणारा म्हणे, "वा मास्तर, काय हात आहे!" सर्व स्तुती कव्हराची होई. मी आतच असे.

तेव्हापासून माझे वाचन आटत गेले. अध्यायाचे अर्धे पान झाले, अर्ध्या पानाची एक ओळ झाली. फीत कायम एकाच ठिकाणी असे. तेथे एका स्तोत्रात, देव तुझा पाय घसरू देणार नाही, अशा अर्थाचे वचन आहे. शिंपीणबाई झिप उघडी, तेवढी ओळ वाची, झिप लावी आणि कामाला लागे. माझ्या बाकीच्या पानांवर वर्षानुवर्षे उजेड पडला नाही.

आणि एके दिवशी तिचा पाय घसरला.

इस्त्री केलेले कपडे हातांवर घेऊन ती जिना उतरत होती. मी वर फळीवर होते. मला फक्त धडधड ऐकू आली, मग तिची किंकाळी, मग शिंप्याच्या धावण्याचा आवाज. लोक पुढे सांगत की, तो सुई टाकून धावला, परंतु सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेले लोखंडी टोपण काढण्याचे भान त्याला राहिले नाही. तसाच त्याने तिचा हात घट्ट धरला. त्या टोपणाचा वळ तिच्या तळहातावर कित्येक दिवस होता.

पाय मोडला होता. प्लास्टर घातले, यथाकाल काढलेही. डॉक्टर म्हणाले, "आता चाला." ती चालली, पण खोलीतल्या खोलीत. जिन्याच्या तोंडाशी आली की, ती मागे फिरे.

इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिने मला घेतले होते. फितीच्या पानावर ती एकटक पाहत राहिली. मग तिने मला खाडकन मिटले आणि झिप इतक्या रागाने ओढली की, अस्तराचे कापड दात्यांत गुंतले. झिप अडकली ती अडकलीच. तिने ती सोडवली नाही. मला फेकून देण्याचे धैर्य तिला होईना आणि उघडण्याचेही होईना. शेवटी तिने मला उशीखाली सारले.

मित्रांनो, उशीखालचा अंधार तुम्हांस ठाऊक नाही. कव्हराचा काळोख आणि त्यावर कापसाचे ओझे. माझी फीत त्याच ओळीवर दबून पडली होती. मला घाम येत नाही, पण दमट वास येऊ लागला. वर तिचे डोके, खाली मी. ती खोलीत कोंडलेली, मी झिपेत. रात्री ती कुशीवर वळली की, माझ्या पाठीचा टाका ताणला जाई. माझ्या पोटात तिच्यासाठी शेकडो वचने होती, आणि एकही बाहेर काढण्याचे सामर्थ्य माझ्यात नव्हते. पुस्तकाला तोंड नसते. ते वाचणाऱ्याचेच तोंड उसने घेते.

अशातच मुलीचे लग्न ठरले, काही महिन्यांनंतरचे. चर्च पलीकडच्या रस्त्यावर होते, हाकेच्या अंतरावर. मात्र आईने सांगून टाकले, "लग्न लागलं की दोघांना वर घेऊन या. मी इथूनच आशीर्वाद देईन."

शिंप्याची बहीण जिभेने तिखट होती. ती म्हणाली, "काय हो वहिनी! देवाला उशीखाली घालून झोपता आणि पायऱ्यांना भिता? देव काय उंदरांनी कुरतडायला ठेवलाय तिथे?"

"तुम्ही पडला नाहीत वन्सं, म्हणून बोलता," एवढेच बोलून शिंपीणबाईने भिंतीकडे तोंड केले. तिचे अश्रू उशीतून माझ्यापर्यंत झिरपले नाहीत. मधे कव्हर होते ना!

दुसऱ्या दिवशी मुलगी लग्नाचा अर्धा शिवून झालेला पांढरा झगा दाखवायला वर आली. आईशेजारी आडवी झाली आणि दचकून उठली.

"आई, हे काय टोचतंय?"

"बायबल आहे. मला सवय झालीये."

"वाचतेस?"

"झिप अडकलीये."

"शिंप्याच्या घरात?" मुलगी हसू लागली, परंतु आईचा चेहरा पाहून तिचे हसू मावळले. ती हळूच म्हणाली, "आई, तू चर्चमध्ये नसशील तर मी हा झगा घालणार नाही. नुसती जाईन, नोंदवहीत सही करीन आणि येईन." आणि ती खाली उतरून गेली.

थोड्याच वेळात शिंपी कात्री घेऊन वर आला. बायकोने मला छातीशी घट्ट आवळले.

"उघडू नका हो. त्यात लिहिलंय, पाय घसरू देणार नाही. आणि माझा घसरला. आता उघडून काय देवाला जाब विचारू?"

शिंपी तिच्यापाशी बसला. "विचार की! पण बंद ठेवून उत्तर कसं मिळेल?"

मग तिचे हात सैल झाले.

झिप ओढून पाहिली, हलली नाही. तेव्हा त्या कारागिराने स्वतःच्या हातचे ते सुंदर टाके एकेक करून उसवले. तो उसवत होता आणि माझ्या अंधाराला फट पडत होती. शेवटी कव्हर गळून पडले. खिडकीचा उजेड अंगावर आला तेव्हा माझी पाने इतकी चिकटली होती की, फुंकर घालून सोडवावी लागली.

शिंपीणबाईने फीत उपसून काढली. "आता त्या एका ओळीपासून नाही," ती म्हणाली. "स्तोत्रं पहिल्यापासून वाचते. रोज एक." आवाज खाली दुकानापर्यंत जावा, म्हणून ती धीर करून जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसली. खाली मशीन थांबले.

महिना उलटल्यावर एकदा, वाचता वाचता, तिचा आवाज अचानक तुटला.

"अहो! इकडे या लवकर!"

शिंपी धापा टाकत आला. "काय झालं? पडलीस?"

"पडले होते ना, तेव्हाचंच इथे लिहिलंय! बघा. भला माणूस पडला तरी पडूनच राहणार नाही, देव त्याचा हात धरतो, असं आहे. पडणारच नाही, असं नाहीये." तिने बोट त्या ओळीवर दाबून धरले. "आणि हे माझ्या त्या ओळीच्या कितीतरी पानं आधी आहे. मी नुसती तिथेच उघडत बसले."

मित्रांनो, स्वतःच्या लग्नानंतरच्या दिवसांत ती हे पान वाचून गेली होती, हे मला ठाऊक होते. पण जो पडला नाही, त्याच्या डोळ्यांना ती ओळ दिसत नसते. म्हणूनच रोज वाचायचे असते. शब्द तेच राहतात, वाचणारा बदलतो.

दुसऱ्या दिवशी ती एक पायरी खाली बसली. मग तोच परिपाठ पडला. एका पायरीची भीती मोडली की, पुढच्या पायरीवर वाचन. शिंपी खालून विचारी, "काय, आज बढती मिळाली?" ती म्हणे, "नाही हो, इथली भीती अजून बसून आहे." कधी एकाच पायरीवर आठवडा जाई. तिच्या मांडीवर मीही थरथरत असे, कारण खालची पोकळी मलाही दिसत होती. पण अध्याय चुकला नाही.

लग्नाच्या सकाळी फक्त शेवटची पायरी उरली होती. नवे कपडे घालून, मला काखेत धरून ती उतरली. मुलगी पांढऱ्या झग्यात दाराशी उभी होती. शेवटच्या पायरीवर पदर अडकला आणि तिचा पाय खरोखरच डगमगला. शिंपी मुलीच्या झग्याचा शेवटचा टाका घालत होता. तो तसाच धावला आणि त्याने तिचा हात पकडला.

ती हसली आणि रडली. "टोपण टोचतंय हो," ती म्हणाली, "पण सोडू नका."

आता मी दुकानातल्या खिडकीपाशी उघडे असते. माझ्या कडांचा लाल रंग उडाला आहे, पाठ उसवली आहे, मधूनमधून चहाचे डाग आहेत. माझे ते देखणे कव्हर शिंप्याने कात्र्या ठेवायला घेतले. तेथे ते सुखी आहे.

मित्रांनो, माझी तुम्हांस एकच नम्र विनंती आहे. तुमच्या घरी माझे एखादे भावंड कपाटात, पेटीत वा उशीखाली जपून ठेवलेले असेल. त्याला इतके जपू नका. रोज थोडे उघडा, आवडीच्या ओळीच्या पुढचे आणि मागचेही वाचा. आम्हांला फाटण्याचे भय नाही. आम्हांला मिटून राहण्याचे भय आहे.