पानं उतरवा

गेल्या हंगामात माझ्या लेकीला पाचवा महिना होता, आणि मुकादम म्हणाला होता, "नाटकं करतेय. चला, ओळ अर्धी राहिलीय."

दवानं भिजलेलं तंबाखूचं पान तोडून काखेत धरलं, की त्याचा रस कपड्यातून अंगात मुरतो. डोकं गरगरतं, पोट ढवळून निघतं. आम्हा तोडणाऱ्या बायकांना हे चांगलं ठाऊक. म्हणून म्हणत होतो, दव वाळू दे, मग तोडतो. तर हा म्हणे, "तोवर काय तुमची पूजा करू?"

त्या दिवशी लेक बांधावर ओकून ओकून पिवळी पडली. मग रक्त जायला लागलं. मी मुकादमाच्या पाया पडले, दवाखान्यापुरती गाडी द्या म्हटलं. "गाडीत पान भरलंय. उतरवायला वेळ कुणाला आहे?" चादरीची झोळी करून आम्ही तिला नेलं. ती वाचली, बाळ गेलं. आणि मी मेली त्याच्या पाया पडले होते! आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

या हंगामात एकदा सकाळी सकाळी तंबाखू कंपनीचे मोठे साहेब शेतावर आले. मुकादमानं लगेच चुगली केली, बायका ओलं पान तोडायला कुरकुरतात. मी पुढे झाले. "साहेब, आम्ही पडलो अडाणी. मुकादमांनीच एकदा तोडून दाखवावं."

साहेब हसले. "दाखवा की हो! दुपारी येतो बघायला." आता मुकादम नाही कसं म्हणणार?

मग काय, मी त्याची पाठच सोडली नाही. "वा मुकादम, काय हात चालतो तुमचा!" असं हरभऱ्याच्या झाडावर चढवत त्याच्या काखेत ओली पानं खुपसत राहिले. शर्ट भिजून अंगाला चिकटला. बायका तोंड दाबून हसत होत्या.

ऊन चढलं तशी त्याची बडबड थांबली. मग ओळीतच भडाभडा ओकला.

"सावलीत न्या मला."

"सावली कुठली आणू? टेकडीवरची सगळी झाडं तुम्हीच पानं सुकवायच्या भट्टीत घातलीत."

साहेब आले ते घाबरलेच. "काय झालं यांना?"

"नाटकं करताहेत," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मुकादमानं हात जोडले. "ताई, गाडी..."

"गाडीत पान भरलंय."

"उतरवा ना!"

"मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"पानं उतरवा!" तो रडत ओरडला. "या पानानंच होतंय हे. उतरवा!"

शेजारच्या ओळीत तोडणारी माझी लेक सगळ्यांच्या आधी गाडीवर चढली आणि गठ्ठे खाली भिरकावू लागली. मुकादमाला घालून गाडी गेली. लेक मात्र पानांच्या ढिगाजवळ तशीच उभी होती.

"आई," ती म्हणाली, "पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत गं."