माझे उजवे बटण आणि बोआहेमाआजीचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. खराखुरा, शेपटीवाला. हल्लीचे माऊस बिनशेपटीचे येतात आणि त्यातच त्यांना मोठेपणा वाटतो. माझी वायर मात्र अजून शाबूत आहे. कुमासी शहरातल्या बान्तामा भागात ओफोरीवाबाईंचे फलक बनवण्याचे दुकान आहे. माझे सगळे आयुष्य तिथेच गेले.

कारखान्यातले मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते बाईंच्या टेबलावरच. जगाला माझ्या डाव्या बटणाचे कौतुक, पण बाईंची सारी भिस्त उजव्यावर. इंटरनेटवरच्या चित्रावर बाण न्यायचा, उजवे बटण दाबायचे, की 'चित्र साठवा' अशी ओळ उमटते. त्या ओळीवर आमचे दुकान चालले. कुणाला चर्चच्या पाटीसाठी कबुतर हवे असे, कुणाला शिंपिणीच्या दुकानासाठी झग्याची नक्षी. सगळ्यात जास्त काम मात्र अंत्यविधीच्या फलकांचे. आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या फोटोचा मोठा रंगीत फलक गल्लीच्या तोंडाशी लागतो. त्याशिवाय ते गेले हे कुणाला खरेच वाटत नाही.

साठवणे सोपे, पुढचेच अवघड. हल्ली बरीच चित्रे वेबपी नावाच्या प्रकारात उतरतात आणि शेजारच्या जुन्या छपाईयंत्राला तो प्रकार पचत नाही. त्याला जेपीजीच लागते. बाई चुटकीसरशी बदलून द्यायच्या आणि गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "सगळा गुण या माऊसचा आहे हो!" मी तेव्हा मनातून फुलून जायचो.

मग तो बिनशेपटीचा आला. मला गुंडाळून खिडकीतल्या खिळ्याला टांगले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण तिथून रस्ता छान दिसे, वारा लागे, आणि बिनशेपट्याची बॅटरी बसली की बाई निमूटपणे मलाच खाली घेत.

अशाच एका दिवशी मी टेबलावर असताना टिवा दुकानात आली. तिची आई, बाजारात सुके मासे विकणारी बोआहेमाआजी, नव्वदी ओलांडून शांतपणे गेली होती. आजीला फोटोचा भारी तिटकारा. कॅमेरा दिसला की तोंडावर टोपली धरायची. घरात तिचा एकही फोटो नव्हता. कुणा प्रवाशाने बाजाराचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले होते, त्यात एका कोपऱ्यात आजी हसताना सापडली. तेवढाच काय तो तिचा चेहरा उरला होता.

"माझ्या भावानं जेपीजी करून दिलंय," टिवा म्हणाली. "तरी यंत्र उघडत नाही म्हणतंय."

बाईंनी फाईल पाहिली आणि हसू लागल्या. "अगं, त्यानं नावापुढचं वेबपी पुसून जेपीजी लिहिलंय नुसतं! उद्या मी स्वतःला राणी म्हणवून घेतलं, तर मला कुणी पालखीत बसवेल का?"

बाईंनी त्या पानावरून चित्र पुन्हा उतरवले, आजीभोवतीची माणसे आणि टोपल्या कापून काढल्या, तिच्यामागची जागा रिकामी ठेवली आणि घाईघाईत जेपीजी करून शेजारी पाठवले. नमुना छापून आला तेव्हा टिवाचे मामा दारात उभे होते. आमच्यात आईच्या घराण्याचा प्रमुख मामाच, त्यांचा शब्द शेवटचा. आद्दाएमामांनी नमुना पाहिला आणि त्यांचा पारा चढला.

आजीच्या मागे सगळे काळेकुट्ट झाले होते. जेपीजीला रिकामी जागा ठेवता येत नाही. त्या दिवशी ती काळ्याने भरली गेली होती.

"माझी अक्का पोटभर जगून गेली! आम्ही सगळे पांढरं नेसणार आहोत," मामा कडाडले. "काळं लावलंत तर लोक विचारतील, हिला अकाली कुणी मारलं? मला फोटोच नको. नुसतं नाव छापा!"

"मामा, असं नका करू हो," टिवा रडवेली झाली. "नातवंडांनी आजी कुठं बघायची?"

आजीच्या डोक्यावरचा गडद रुमाल त्या काळ्यात विरघळून गेला होता. तो वेगळा काढणे शक्य नव्हते. कापलेले चित्र बाईंनी न साठवताच बंद केले होते. पुन्हा उतरवून घ्यावे, तर इंटरनेटने नेमका तेव्हाच दगा दिला. टिवाच्या तोंडचे पाणी पळाले.

बाई मात्र माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "थांबा जरा." त्यांची एक सवय होती. आलेले चित्र आधी जसेच्या तसे बाजूला ठेवायचे आणि मग त्याच्या नकलेवर हवी तेवढी कात्री चालवायची. मूळ चित्र तिथे सुखरूप होते. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही पुन्हा सावकाश कापले, रुमालाची कड न् कड सांभाळली, मागे शुभ्र पांढरे अंथरले आणि मगच जेपीजी केले.

नवा नमुना आला. मामांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"दातांतली फट बघ," ते म्हणाले. "या फटीवर अख्खा बाजार भाळला होता. म्हातारी होईस्तोवर मिरवायची, लबाड!" आणि हसता हसता त्यांना रडू फुटले. टिवाने त्यांचा हात धरला.

डोळे पुसून मामा खुर्चीत ताठ बसले. "ओफोरीवा, माझाही एक काढून ठेव. आत्ताच. आणि मागं पांढरंच हं! एवढा म्हातारा झालोय, काळ्याचा हक्क गेला माझा!"

मित्रांनो, मला पुन्हा खिळ्याला टांगले आहे आणि मी मजेत आहे. तुमच्या घरातही कुणीतरी कॅमेरा दिसला की तोंड फिरवत असेल. त्यांना आजच हसवा. तो फोटो जसाच्या तसा जपून ठेवा आणि कात्री चालवायची ती नकलेवर. तेवढे तुम्ही करा. पुढचे आम्ही बघून घेऊ, पण हसणे काही आम्हाला बनवता येत नाही.