कडे उतरवलेले मुसळ

मी एक जुने मुसळ आहे. हसू नका, मित्रांनो! कुणाचे काही बिघडले की 'सारे मुसळ केरात' म्हणून तुम्ही मोकळे होता. पण या मुसळाने उमापुरात किती बाजरी कांडली, हे कुणी विचारत नाही.

माझा जन्म बांधावरच्या बाभळीचा. सुताराने मला तासून गुळगुळीत केले आणि लोहाराने तापवलेले लोखंडी कडे माझ्या तळाशी ठोकून बसवले. त्या कड्याचा मला भारी तोरा होता. छबुबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हापासून मी तिच्या हातात. ती उखळात बाजरी कांडायची, खिचडा शिजवायची, अख्खे घर जेवू घालायची आणि पातेल्याला चिकटलेले खरवडून शेवटी आपण खायची. तिची लेक बबिता पदराला धरून माझ्या ठोक्यांवर मान डोलवायची.

मग रानातली बाजरी जाऊन कापूस आला, कापसामागून ऊस आला. धान्य दुकानातून येऊ लागले. मी दाराआडच्या कोपऱ्यात गेले आणि कड्याला गंज चढला. कोळ्याने माझ्यावर जाळे विणले, तेही मी निमूट सोसले.

बबिता मात्र शिकत राहिली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिच्या पदवीचा फोटो लागला. यंदा मे महिन्यात ती घरी आली, ती नवी शास्त्रज्ञ होऊन. गावाने पिके बदलली, त्यानंतर मातीत काय उरले आणि माणसांच्या ताटात काय उरले, हे तिला शोधायचे होते. तिचे हे पहिलेच काम. शेतोशेत फिरून तिने माती आणली आणि ओसरीत सावलीला वाळत घातली. शेणखत पडायच्या आधीची माती हवी, म्हणून तिची सारी घाई. ढेकळे फोडायला लाकडी मोगरी आणते, असे सांगून ती गेवराईला गेली.

लेक उन्हातान्हात राबते, हे छबुबाईला बघवेना. तिने मला झटकले आणि फळीवर सारी ढेकळे कांडून काढली. इतक्या वर्षांनी तो हात लागला! माझे कडे मातीत घासून घासून चांदीसारखे चकाकू लागले. मी अगदी फुगून गेले.

बबिताला मोगरी मिळाली नव्हती. रिकाम्या हाताने परतली तर समोर कांडलेली माती. तिने माझ्या कड्याकडे पाहिले आणि चिमूटभर माती बोटांवर चोळून बघितली.

"आई, कशानं कांडलीस गं?"

"मुसळानं. म्हनलं, लेकीचं काम हलकं करावं. का गं?"

"मला मातीतलं लोह मोजायचं हाय. कड्याचा सारा गंज हिच्यात उतरला. आता कसलीबी माती लोहानं भरलेली दिसंल. फेकून द्यावी लागंल ही."

छबुबाईचा चेहरा उतरला. बबिताने तिचा हात धरला. "मीच आदी सांगायला पायजे होतं. उद्या परत आणू."

छबुबाई उठली, मला आडवे धरले आणि दगडाने ठोकून ते कडे उतरवले. उन्हाळ्याने लाकूड आकसले होते, कडे लगेच निघाले. खोटे कशाला सांगू, मला फार उघडेबोडके वाटले.

सकाळी मायलेकी रानात पोचल्या, तर शेजारचे शेतकरी मोहनराव यांची बैलगाडी शेणखत भरून त्यांच्या बांधावर उभी. "मागं नेलेल्या मातीची भाजी केली का काय गं?" ते हसून म्हणाले.

छबुबाई पुढे झाली. "माज्या हातनं नासली, दादा. लेकीचं पहिलंच काम हाय. आजच्या दिस खत नगा टाकू."

मोहनरावांनी डोके खाजवले आणि गाडी माघारी वळवली. मायलेकींनी शेतोशेतची माती पुन्हा आणून वाळवली. तीही मीच कांडली, पण नुसत्या लाकडाने.

पुढे तपासणी झाली. बबिता आईजवळ येऊन बसली. "आई, आपल्या मातीत लोह लई कमी हाय."

"दवाखान्यातल्या बाई मलाबी हेच म्हनल्या," छबुबाई म्हणाली. "मातीतच न्हाई, तर माज्या अंगात कुठून येईल?"

"एवढं सरळ न्हाई ते. पर लोह देणारी बाजरी ताटातनं गेली, हे खरं," बबिता म्हणाली. गंजाची माती तशीच तपासली असती, तर हे बोलणे झालेच नसते.

यंदा कापसाशेजारी त्यांनी अर्धा एकर बाजरी पेरली. रास घरी आल्यावर छबुबाईने मला धुऊन, पाण्यात भिजवून कडे पुन्हा घट्ट बसवले. मातीसाठी उतरवायचे, दाण्यांसाठी घालायचे, एवढे आता मलाही कळते.

खिचडा शिजला. छबुबाई वाढायला उठली, तर बबिताने तिच्या हातातली पळी काढून घेतली.

"आदी तू बस."

"आगं, मी मागून जेवते की."

"बस म्हनते ना!"

जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवणारी छबुबाई त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसली. दाराआड मला भरून आले.

मित्रांनो, माती असो की माणूस, नुसती माया करून भागत नाही. काय कमी पडते आहे, ते विचारावे लागते. आज तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवते, तेवढे जरा बघा.