शाळेसमोरची गॅसलाइन

“राउटर बंद करून परत चालू केलात?” फोनवरच्या बाईंनी विचारलं.

“केला हो. केबल बदलली, कॉम्प्युटर बंद-चालू केला, पासवर्ड नवा घेतला. आता नुसते हात जोडायचे राहिलेत.”

बाई हसल्या नाहीत. एरवी हसायच्या. ऑफिसच्या मदतकक्षात त्या असायच्या आणि ऑफिसातले सगळे ज्याला ‘नकाशेवाले’ म्हणत, त्या माणसाचा आवाज त्या नाव न विचारता ओळखायच्या. जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या आणि गॅसच्या लाइनींचे नकाशे काढण्यात त्याची हयात गेली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो ते घरूनच करायचा. नकाशा तयार झाला की ऑफिसच्या सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायचा. खोदकामाच्या टोळीला तिथूनच छापून मिळायचा.

आज सकाळपासून तो फोल्डर उघडत नव्हता.

“सर्व्हर दिसतोय का?” बाई म्हणाल्या.

“दिसतोय. फोल्डरही दिसतोय. क्लिक केलं की म्हणतो, परवानगी नाही. अहो, लवकर बघा ना! शाळेसमोर दुपारी खोदायला घेणार आहेत. जुन्या नकाशात गॅसची लाइन रस्त्याच्या मधोमध दाखवलीय. खरी आहे फुटपाथला चिकटून. आणि चर तिथेच पडणार आहे.”

तो खुर्चीतून उठला, परत बसला. पलीकडे कीबोर्डची टकटक झाली आणि थांबली.

“तुमचं साहेबांशी बोलणं झालंय का?” बाईंनी हळूच विचारलं.

“कशाबद्दल?”

“तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड नाही. परवानगी इथूनच काढलीय. सकाळी. साहेबांच्या सांगण्यावरून.” मग घाईघाईने, “मी हे सांगायला नको होतं. पण तुम्ही दिवसभर केबली बदलत बसला असतात.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. विभागात माणसं कमी करणार, ही कुजबुज त्याच्याही कानावर आली होती. आपण जुने, आपल्याला कोण हात लावतंय, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

“बरं,” तो म्हणाला. “माझं राहू द्या. नकाशाचं काय?”

“मला त्या फोल्डरमध्ये काही ठेवता येत नाही. साहेबांना निरोप देते. ते मीटिंगमध्ये आहेत.”

त्याने स्वतः साहेबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेव्हा कुणीतरी कापला. मग टोळीच्या मुकादमाला लावला. मागे गाड्यांचा गोंगाट होता.

“नकाशेवाले, तोंडी ऐकून मी रस्त्यावर रंग मारत नाही,” मुकादम ओरडला. “फोटो पाठवाल तर माझा फोन बटनांचा. माझ्याकडे जुनाच नकाशा आहे. नवा कागद दाखवा!”

घरचा प्रिंटर लहान कागदांचा. एक नकाशा तुकड्या-तुकड्यांत निघाला. फोनवरचं सगळं ऐकलेली बायको काही न विचारता डिंक घेऊन जमिनीवर बसली आणि कडा जुळवू लागली.

“नोकरी गेली ना?” मान खाली घालूनच तिने विचारलं.

“गेली असं वाटतंय.”

“मग हे कुणासाठी?”

“शाळा सुटायच्या वेळेला खोदतायत गं.”

तिने वर पाहिलं. शेवटचा तुकडा चिकटवला, तळहाताने दाबला आणि फुंकर मारून वाळवू लागली. तो तोवर चपला शोधत घरभर फिरत होता. त्या त्याच्या पायातच होत्या.

बसमध्ये बसायला जागा होती, तरी तो उभाच राहिला. उतरल्यावर लंगडत, धापा टाकत कोपऱ्यावर पोचला. खोदायचं यंत्र आलं होतं, पण अजून सुरू झालं नव्हतं. मुकादमाने कागद यंत्राच्या पत्र्यावर पसरला, बोट फिरवत नीट वाचला आणि टोळीला हात केला. “थांबा रे! चर पलीकडे घ्यायचा!”

मग कागदाची घडी घालता घालता म्हणाला, “ऑफिसातनं हा का नाही आला?”

“फोल्डर उघडत नव्हता.”

“म्हणून स्वतः आलात? या गुडघ्याने?”

नकाशेवाल्याने खांदे उडवले. “बस लगेच मिळाली,” तो म्हणाला.

“आलाच आहात तर हे धरा जरा. गॅसची लाइन आखून घेऊ.” मुकादमाने दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन शाळेच्या फाटकाकडे चालत गेला. नकाशेवाल्याचा गुडघा वाकत नव्हता. एक पाय लांब सोडून तो फुटपाथच्या कडेला कसाबसा टेकला आणि दोरी दगडावर दाबून धरली. फाटकापाशी मुकादमाने रंगाचा डबा उघडला. पिवळी रेघ दोरीच्या बाजूने त्याच्याकडे सरकू लागली. मध्ये एक सायकल आली, मुकादम थांबला, परत वाकला. दोरी ढिली पडू नये म्हणून नकाशेवाल्याने ती बोटाला घट्ट गुंडाळून घेतली.