उजव्या कानाचं पान

मयुराने पुडीचा गुलाबी कागद दातांनीच फाडला. डॉक्टरांसमोर उघडायची, असं पप्पांनी वाढवणहून निघताना दोनदा बजावलं होतं. पण तलासरीच्या दवाखान्यापर्यंत तिने कळ काढली हेच पुष्कळ झालं. बाकावर बसल्या बसल्या तिने ती तळहातावर घेतली. चांदीची चिमटी. पुढे चिकूचं पान, मागे चपटी टिकली आणि दाब कमी-जास्त करायला इवलीशी फिरकी.

"पप्पा, पानाच्या शिरासुद्धा काढल्यात तुम्ही."

"हळू बोल, दवाखाना आहे," रामनाथ म्हणाले, पण मिशीत हसले.

दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या हळदीत कडेवरच्या बाळाने झुमका ओढला आणि मयुराच्या डाव्या कानाची पाळी चिरली. कान पहिल्यासारखा दिसावा म्हणून प्लास्टिक सर्जरी केली. टाके निघाले, सगळे खूश झाले, आणि मग व्रणावर काळपट, टणक गाठ उगवली, चांगली करवंदाएवढी. डॉक्टर म्हणाल्या, केलॉइड. दर महिन्याला त्या गाठीतच इंजेक्शन. सुई आत गेली की मयुराला सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता आठवायच्या. पण गाठ बसत बसत मसुरीच्या डाळीएवढी झाली होती. आता ती पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून दिवसभर पाळीवर दाब हवा होता.

त्यासाठी प्लास्टिकची चिमटी मिळाली होती, थेट कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी. पहिल्याच दिवशी वर्गातल्या प्रितमने विचारलं, "कान वाळत घातलास काय गो?" तेव्हापासून मयुराचे केस डाव्या बाजूने मोकळे असत.

ते आता संपणार होतं. बुधवारी शाळेचं गॅदरिंग, निवेदन तिच्याकडे. केस वर घेऊन अंबाडा, त्यावर गजरा आणि कानात पप्पांचं पान. अख्ख्या दहावीला तिने सांगून ठेवलं होतं, बुधवारी बघाच.

तिने प्लास्टिकची चिमटी काढून खिशात टाकली, केस वर बांधले आणि पान पाळीवर बसवलं. बसेना. टोक गालात रुतत होतं आणि व्रण बाहेरच राहत होता. तिने फिरकी सैल केली, पुन्हा लावलं.

रामनाथांनी ते तिच्या हातातून घेतलं. उलटसुलट करून पाहिलं आणि तिच्या उजव्या कानाला लावलं. तिथे ते जन्मल्यापासून असल्यासारखं बसलं.

रामनाथ डायमेकर. दागिन्यांचे पोलादी साचे कोरायचे. साच्यावर नक्षी उलटी कोरायची, मग पत्र्यावर दागिना सुलटा उठतो. बावीस वर्षं त्यांचा हात उलटंच कोरत आला होता.

"या वेळी साचा मध्ये नव्हताच," ते म्हणाले. "थेट चांदीवर काम केलं. हात सवयीने फिरला."

"बुधवारपर्यंत दुसरी होईल?"

"हिला दहा दिवस लागले, बाय."

मयुराने उजव्या कानातलं पान काढलं. डोक्याचा रबर ओढला, केस डाव्या कानावर आले. पप्पा फरशीकडे बघत होते. त्यांनी केलेला एकही साचा आजवर परत आला नव्हता.

समोरच्या बाकावर तिच्याच वयाची एक मुलगी बसली होती. एवढ्या उकाड्यातही उजव्या कानावर ओढणी घट्ट धरून. पुडी फाटल्यापासून तिची नजर पानावर होती.

"तुझंपण केलॉइड?" गप्प बसणं मयुराच्या स्वभावात नव्हतंच.

मुलीने शेजारच्या आईकडे बघितलं.

"आमी झरी गावचं," आई म्हणाली. "रूपीची बी पाळी शिवली, मंग वर हा गोळा वाढला. कोनाला दाखवत नाय. शाळंत पन ओढणी."

"उजवा ना?"

रूपीने मान हलवली.

मयुराने पप्पांकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर पान न्याहाळलं आणि हनुवटीने रूपीकडे खूण केली.

डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलवायला दारात आल्या, तेव्हा मयुराने त्यांना गाठलंच. त्यांनी पान स्पिरिटने पुसलं, रूपीच्या पाळीवर बसवलं, फिरकी अर्धा फेरा सैल केली आणि पाळी पांढरी पडत नाही ना, ते बघितलं.

"छान बसलंय. दुखतंय?"

"नाय."

रूपीची आई वाकून बघत राहिली. "उजव्याच कानाचा करून आनला. तुमाला कसा ठावं?"

रामनाथांनी तोंड उघडलं. कामाच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत.

"आमच्या पप्पांचं माप चुकत नाही, मावशी," मयुरा मध्येच म्हणाली.

रामनाथांना ठसका लागला. मग ते रूपीला म्हणाले, "फिरकी सैल झाली तर पुढच्या महिन्यात इथंच दाखव. मी येतो."

"मयुरा, चल आत," डॉक्टरांनी हाक मारली.

मयुरा उठली. दोन्ही हातांनी केस गोळा करून तिने उंच अंबाडा घातला, खिशातली प्लास्टिकची चिमटी डाव्या कानाला लावली आणि सगळा बाक बघेल अशी मान फिरवली.

"ते काय गं?" रूपीने विचारलं.

"कान वाळत घातलाय."

रूपी खळखळून हसली. हसताना ओढणी खांद्यावर घसरली, आणि तिथेच राहिली.